फोर व्हील लागत नाही? आधी हे पाहून घे

भाऊ, गाडीचं फोर व्हील (चारही चाकं ओढायची सोय) लागत नाही म्हणून लगेच ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, खोलू देऊ नको. आधी गाडी वावरात ने, डांबरी रस्त्यावर टेस्ट करायचीच नाही, तिथं चाकं घसरत नाहीत अन् सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. नॉब फोर एचवर (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाक, स्टेअरिंग सरळ ठेवून दहा-पंधरा फूट पुढंमागं कर, कधीकधी दाते जुळले नाहीत म्हणूनच डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा लाइट नुसता लुकलुकत राहतो. फोर एल (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) पाहिजे तर गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये.

तरी नाही झालं तर चावी ऑन, इंजिन बंद, अन् कान लाव. नॉब फिरवला की खालून फोर व्हील लावणाऱ्या छोट्या मोटारचा घर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर फ्यूज, बॅटरी (१२.४ व्होल्टच्या खाली नको) अन् मोटारचा कनेक्टर पाहून घे. माझ्या गाडीचा मागच्या पावसाळ्यात उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या, वरून काळी माती सिमेंटसारखी बसलेली, पांदण रस्त्याची कृपा, ब्रशनं साफ केला अन् लागलं.

आवाज येतो पण पुढची चाकं ओढत नाहीत, अन् गाडीत व्हॅक्यूमवाली (हवेच्या ओढीनं पुढचा एक्सल जोडणारी) सिस्टिम असंल, तर पुढच्या एक्सलकडं जाणारी रबरी नळी हातानं चाचपून पाहा. पऱ्हाटीच्या ढिगाजवळ गाडी लावतोस ना, उंदीर कुरतडतात तिले.