वाचकांचे प्रश्न : गिझर, टायमर आणि स्मार्ट थर्मोस्टॅट

थंडीच्या तोंडावर आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे : आपोआप चालू-बंद होणारी ऊब, तीही बिल न वाढवता. बेळगाव भागात घर तापवायची वेळ क्वचित येते, न्हाणीत गरम पाणी मात्र रोज लागतं. म्हणून जास्त जागा गिझरला दिली आहे.

मुलानं अमेरिकेहून स्मार्ट थर्मोस्टॅट आणला आहे. मोबाईलवरून चालतो. तो न्हाणीतल्या गिझरला जोडता येईल का? वायरमन म्हणतो, जोडून बघू.
— एक वाचक, निपाणी

जोडून बघू नका. तिकडच्या घरांत तळघरातली भट्टी हवा किंवा पाणी तापवते आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट तिला फक्त चालू-बंदचा इशारा देतो. तो इशारा २४ व्होल्टवर चालतो. मागच्या पट्टीवर आर, डब्ल्यू, वाय, जी, सी अशी अक्षरं दिसतील, ती त्याच बारीक तारांची ठिकाणं. तिथे आपली २३० व्होल्टची वायर आली की आतलं सर्किट जळेल, आग लागण्याचाही धोका आहे.

समजा व्होल्टेजचा प्रश्न नसता, तरी तो उपयोगाचा नव्हता. तो खोलीतली हवा मोजतो. न्हाणीतली हवा २४ अंशांवर असताना टाकीतलं पाणी उकळायला आलं तरी त्याला कळणार नाही. थर्मोस्टॅटची दांडी ज्याला टेकलेली असते तेवढ्याचंच तापमान तो सांभाळतो. गिझरमध्ये अशी दांडी टाकीच्या आतल्या नळीत आधीपासून असते, शिवाय पाणी फार तापलं की वीज तोडणारा वेगळा कटआउटही असतो. म्हणून ‘गिझर स्मार्ट करणं’ म्हणजे त्याला घड्याळ आणि लांबून दाबता येणारं बटण देणं, एवढंच. तापमान गिझरचा स्वतःचा थर्मोस्टॅटच बघणार. मुलाकडची वस्तू तिकडे कुणाच्या तरी घरी कामाला येईल, परत पाठवा.

आमचा गिझर २५ लिटरचा, २ किलोवॅटचा. त्याला लावलेला मोबाईलवर चालणारा प्लग दोन महिन्यांत वितळला, पिनही काळी पडली. माल हलका होता की जोडणी चुकली?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

प्लगवर किती ॲम्पिअर लिहिलं आहे ते आधी बघा. २००० भागिले २३० म्हणजे तुमचा गिझर ८.७ ॲम्पिअर ओढतो. असे बरेच प्लग ६ किंवा १० ॲम्पिअरचे असतात, ते दिवा-पंख्यासाठी ठीक. १० च्या प्लगवर ८.७ कागदावर बसतं, पण अर्धा-पाऊण तास सलग तेवढा करंट गेला की आतल्या रिलेचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचे) संपर्क आणि प्लास्टिक तापत राहतं. गिझरला १६ ॲम्पिअरच घ्यायचं, दुसरा पर्याय धरू नका.

पण पिन काळी पडली आहे, त्यावरून मूळ दुखणं ढिल्या सांध्याचं वाटतं. सॉकेटची पकड सैल असेल किंवा स्क्रूखाली वायर नीट दाबलेली नसेल, तर त्या जागी थोडा रोध तयार होतो. तो अर्धा ओहम असला तरी ८.७ ॲम्पिअरला जवळपास ३८ वॅट उष्णता एका टिंबाएवढ्या जागेत निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग गनएवढी! तिथे कितीही भारी कंपनीचा प्लग लावा, तोही वितळणार.

म्हणून नुसता प्लग बदलू नका. मेन बंद करून टेस्टरनं खात्री केल्यावर सॉकेट उघडून घ्या. काळं पडलेलं सॉकेट आणि पिन दोन्ही काढून टाकायचे, घासून परत वापरायचे नाहीत. वायरचा करपलेला भाग कापून ताजं तांबं उघडा. गिझरसाठी बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी : २ किलोवॅटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि १६ ॲम्पिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), ३ किलोवॅटला ४ चौरस मिलिमीटर आणि २० ॲम्पिअरचा. घराला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारा स्विच, नसेल तर स्मार्ट प्लगचे पैसे आधी त्यावर खर्च करा. ओल्या अंगानं नळाला हात लावणाऱ्याचा जीव तो वाचवतो. अर्थिंग तपासून घेणं त्याच्याइतकंच महत्त्वाचं.

सगळ्यात टिकाऊ जोडणी म्हणजे बोर्डात २५ ॲम्पिअरचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढला जाणारा, मोठ्या भाराचा स्विच) बसवायचा आणि स्मार्ट स्विचनं फक्त त्याची कॉइल चालवायची. गिझरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो, स्विचमधून अगदी थोडा करंट जातो. ३ किलोवॅटच्या गिझरला हीच पद्धत धरा. स्विच कोणताही असो, न्हाणीच्या बाहेर बसवा, वाफेत नको.

आता सेटिंग. लाईट जाऊन आल्यावर स्विचनं काय करायचं हे ॲपमध्ये ठरवता येतं, तिथे ‘बंद’ निवडा. नाहीतर दुपारी लाईट आली की रिकाम्या घरात गिझर सुरू होईल. चालू झाल्यावर ४५ मिनिटांनी आपोआप बंद होईल असंही लावून ठेवा. हे स्विच बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच जोडले जातात. राउटर फक्त ५ वर असेल तर ॲप ‘सापडत नाही’ म्हणत राहील, स्विच बिघडलेला नसतो. एक परीक्षा जरूर करा : राउटर बंद ठेवून वेळापत्रक चालतं का बघा. पुष्कळ स्विच वेळ इंटरनेटवरून घेतात. लाईट येऊन इंटरनेट आलं नाही, तर त्यांना किती वाजले तेच कळत नाही आणि पहाटेचं पाणी गारच राहतं. वारंवार लाईट जाणाऱ्या गावात आतमध्ये बॅटरी असलेला साधा १६ ॲम्पिअरचा डिजिटल टायमर जास्त भरवशाचा.

गिझर दिवसभर चालू ठेवला तरी थर्मोस्टॅट तोडतो, म्हणून वीज जात नाही, असं शेजारी सांगतात. खरं का? आमच्याकडे व्होल्टेजही कमी असतं.
— एक वाचक, खानापूर तालुका

अर्धंच खरं. थर्मोस्टॅट तोडतो, पण टाकी हळूहळू निवते आणि तो पुन्हा जोडतो. ही गळती किती, ते गिझरवरच्या तारांकित लेबलवर चोवीस तासांच्या युनिटांत छापलेलं असतं. समजा आकडा ०.५ आहे, तर कुणी आंघोळ न करताही महिन्याला साधारण १५ युनिट गेली.

पाणी तापवायला किती लागतं याचा हिशोब सोपा आहे : लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, उत्तर युनिटांत. २५ लिटर २२ वरून ६० अंशांवर न्यायला १.१ युनिट आणि २ किलोवॅटला ३३ मिनिटं. टाकीत पाण्याचा एवढा साठा झाला की गार पाणी मिसळून दोन मोठ्या बादल्या सहज होतात. पाच माणसांच्या घरी टाकी सकाळी दोनदा तापली तर महिन्याला ६६ युनिट होतात. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत, २०० युनिटांची रेघ ओलांडली की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं, म्हणून हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) मीटरवर हे ६६ युनिट लहान नाहीत. आंघोळीआधी चालू आणि शेवटची आंघोळ झाली की बंद, हेच बरोबर.

व्होल्टेजचं म्हणाल तर उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० आलं की २ किलोवॅटचा गिझर सव्वा किलोवॅटसुद्धा देत नाही. तेच ३३ मिनिटांचं काम ५४ मिनिटं घेतं. युनिट तेवढीच लागतात, वेळ वाढते, म्हणून टायमर तासभर आधीचा लावा आणि आपोआप बंद होण्याची वेळही वाढवा. नॉब ६० अंशांच्या आसपास राहू द्या. फार खाली ठेवलं की कोमट साठ्यात जंतू वाढतात, फार वर नेलं की क्षार लवकर बसतात आणि मुलांना भाजण्याचं भय.

आणि घरी तांब्याचा बंब असेल, जळवण मिळत असेल, तर तो मोडीत घालू नका. पावसाळ्यात झाड पडून लाईन तुटली की तोच कामाला येतो.

गिझरमधून कधी वाफ येते, कधी पाणी कोमटच. वायरमननं थर्मोस्टॅट काढून ‘डायरेक्ट’ करून दिला. चालेल ना? पाणी बोअरचं आहे.
— एक वाचक, चिकोडी

आजच गिझर बंद करा आणि पिन काढून ठेवा. थर्मोस्टॅट काढलेली बंद टाकी दाबाखाली उकळू शकते. वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी जाम झाला असेल तर टाकी फुटते.

मूळ कारण तुमच्या पत्रातच आहे. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर चढतो, तसाच थर्मोस्टॅटच्या नळीवरही. त्यामुळे दांडीला पाण्याची उष्णता उशिरा पोचते, पाणी ठरल्यापेक्षा पुढे जातं, कटआउट उडतो आणि त्याचं लाल बटण दाबेपर्यंत पाणी गारच. एका आठवड्यात बटण दोनदा दाबावं लागलं तर तिसऱ्यांदा दाबू नका.

टाकी रिकामी करून खालची प्लेट उतरवा. एलिमेंट आणि नळी कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तासभर भिजवा, मग खरवडा. टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची दांडी तारेवर आली असेल तर बदला, नाहीतर पाणी टाकीलाच खायला लागतं. गॅस्केट नवीनच घाला, थर्मोस्टॅट त्याच ॲम्पिअरचा आणि दांडीच्या त्याच लांबीचा. टाकी भरून गरम नळातून सलग धार आल्याशिवाय स्विच टाकू नका, कोरडं एलिमेंट लगेच जळतं. बोअरच्या पाण्यावर हे काम दरवर्षी करावं लागतं.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका. २५ लिटर पाणी ६० अंशांवर जाताना तीन-चारशे मिलिलिटर फुगतं, ते वाट काढणारच. तिथे बूच मात्र कधीही मारायचं नाही.

हिवाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. गेल्या वेळी ती दोघं कामावर गेली की घर गार पडायचं. भिंतीवरच्या यंत्राला हात लावायची भीती वाटते.
— एक आजी, टिळकवाडी

आजी, यंत्र बिघडलेलं नव्हतं. घर रिकामं आहे असं ते धरून चालतं. काही थर्मोस्टॅट घरच्यांच्या मोबाईलवरून ओळखतात, म्हणजे लेक-जावई बाहेर पडले की त्याच्या लेखी घरात कुणी नाही. काही समोरची हालचाल बघतात. तुम्ही आतल्या खोलीत जप करत बसलात तर ते त्याला दिसत नाही. लेकीला सांगा, ॲपमध्ये तुमचाही मोबाईल जोड, नाहीतर तुम्ही असेपर्यंत ‘अवे’ (घरात कुणी नाही) हा प्रकार बंद ठेव. तुमच्या खोलीत वेगळा सेन्सर ठेवता येत असेल तर उत्तमच.

आकडे फॅरनहाइटमध्ये असतात : ६८ म्हणजे आपले २०, ७२ म्हणजे सव्वाबावीस. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सांगते, म्हणजे साधारण ६४. वयस्कर माणसांसाठी ६८ ते ७२ ठेवा, रात्रीही फार उतरवू नका. हातानं आकडा बदलला की पुढच्या ठरलेल्या वेळी तो परत फिरतो. कायम राहायला हवा असेल तर ‘होल्ड’ दाबायचं.

आकडा एकदम ८० वर नेऊ नका. साधी भट्टी त्यानं लवकर तापवत नाही, नुसती जास्त वेळ चालते. हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणारं यंत्र) असेल तर मोठी उडी बघून तो जोडीची विजेची कॉइल लावतो आणि बिल चढतं. देवापुढचा दिवा त्या यंत्राखाली किंवा शेजारी लावू नका. त्याला वाटेल घर तापलं, आणि बाकीच्या खोल्या गारठतील.

सोलरच्या २०० लिटर टाकीत विजेचं एलिमेंट आहे. ते रात्री चालू ठेवावं का?
— एक वाचक, येळ्ळूर

नाही. रात्री वापरलेल्या पाण्याच्या जागी गार पाणी येतं आणि थर्मोस्टॅट पूर्ण टाकी विजेनं तापवून ठेवतो. सकाळी उन्हाला करायला काही उरत नाही. २०० लिटर नुसतं २० अंशांनी वाढवायला साडेचार युनिटांच्या वर जातात. उन्हाळा-हिवाळ्यात एमसीबी पाडून ठेवा. ढगाळ दिवस गेला असेल तरच पहाटे टायमरवर तासभर चालवा. पावसाळ्यात मात्र १५ लिटरचा वेगळा गिझर या मोठ्या टाकीपेक्षा स्वस्त पडतो, कारण जेवढं लागतं तेवढंच पाणी तापतं.