वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी ऑइल कूलर बसवताना

प्रश्न : माझ्याकडे टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी आहे आणि सुटीच्या दिवशी मी ती रेसिंग ट्रॅकवर नेतो. पंधरा-वीस मिनिटे जोरात चालवल्यावर ऑइलचा दाब सुरुवातीपेक्षा बराच उतरलेला दिसतो. पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र मध्यावरून हलत नाही. त्यामुळे बाजारात मिळणारा ऑइल कूलरचा संच आणून तो स्वतःच बसवावा, असा माझा विचार आहे. ऑइल आणि फिल्टर मी नेहमी घरीच बदलतो, हत्यारेही आहेत. कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर : आपण दाब आणि पाण्याचा काटा या दोन्हींकडे एकाच वेळी पाहिलेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पाण्याचा काटा स्थिर असला म्हणजे ऑइलही थंड आहे, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी-मिटणारी झडप) आणि रेडिएटर मिळून साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. शिवाय पुष्कळ गाड्यांत हा काटा थोड्याफार चढउताराने हलूच नये, अशी रचना केलेली असते. ऑइल मात्र पिस्टनच्या खालच्या बाजूवर, बेअरिंगमध्ये आणि टर्बोच्या दांड्याभोवती थेट फिरते, आणि भार वाढला की पाण्याच्या कितीतरी पुढे जाऊन तापते. तापलेले ऑइल पातळ होते आणि पातळ ऑइलाचा दाब उतरतो.

तरीही संच मागवण्यापूर्वी आपण ऑइलचे तापमान प्रत्यक्ष मोजावे, असा माझा आग्रह आहे. दाब उतरण्याची कारणे इतरही असतात : ऑइलची पातळी कमी असेल, वेगात वळताना ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये एका बाजूला सरकून पंपाचे तोंड उघडे पडत असेल किंवा बेअरिंग झिजले असेल. यांतल्या कोणत्याही दुखण्यावर कूलर हा इलाज नाही. उलट खरे कारण काही काळ झाकले जाईल. तापमानाचा सेन्सर आणि गेज बसवून ट्रॅकवर दोन-तीन दिवस नोंद ठेवा. ९० ते ११० अंश हे निरोगी तापमान आहे आणि १२० पर्यंतही चांगल्या सिंथेटिक ऑइलाला त्रास होत नाही. काटा १३० च्या वर जाऊन तिथेच टिकत असेल, तर कूलरची गरज खरी आहे. आणखी एक गोष्ट पाहून घ्या. आजच्या अनेक इंजिनांत फिल्टरजवळच पाण्यावर चालणारा छोटा ऑइल कूलर कारखान्यातूनच बसवलेला असतो. तो असेल, तर आधी कूलंट आणि रेडिएटर यांची अवस्था तपासावी.

आता गरज आहे असे धरून पुढे जाऊ. संच निवडताना एकाच बाबतीत मी तडजोड करू देणार नाही : फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट ही थर्मोस्टॅट असलेलीच घ्यावी. या प्लेटमधला थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो आणि तेव्हाच ऑइलचा मुख्य प्रवाह कूलरकडे वळतो. तोवर अगदी थोडे ऑइल कूलरमधून झिरपत राहते, म्हणजे झडप उघडल्यावर गारढोण ऑइलचा लोंढा एकदम इंजिनात येत नाही. थर्मोस्टॅट नसलेली प्लेट स्वस्त पडते, पण तिच्यामुळे रोजच्या वापरात इंजिन उशिरा तापते आणि ऑइल कायम जाड राहते.

कूलर मोठा तितका चांगला, असेही नाही. गाडी ट्रॅकवर अधूनमधून जाणार असेल, तर मध्यम आकाराचा, थरांच्या बांधणीचा कूलर पुरतो. आकारापेक्षा त्याच्यावर वारा किती येतो आणि मागून तो बाहेर पडायला वाट आहे की नाही, याला अधिक महत्त्व आहे. बंपरच्या खालच्या जाळीमागे एका बाजूला जागा मिळाली, तर उत्तम. संपूर्ण रेडिएटरच्या पुढ्यात कूलर टांगला, तर ऑइलची उष्णता रेडिएटरच्या वाट्याला जाते आणि एक दुखणे कमी करताना दुसरे उभे राहते. कूलर रबरी बुशांवर बसवावा, कारण घट्ट आवळलेला ॲल्युमिनियमचा कूलर हादऱ्यांनी सांध्यापाशी चिरतो. पाइप जोडायची तोंडे शक्यतो वर ठेवावीत, म्हणजे आतली हवा आपोआप बाहेर पडते. जागेअभावी ती आडवी ठेवली तरी चालते. खाली तोंडे करणे टाळावे.

प्लेट मागवण्याआधी फिल्टरच्या स्टडचे, म्हणजे फिल्टर ज्यावर फिरवून बसतो त्या नळीचे, आटे मोजून घ्या. इथे एक फसगत वारंवार होते. २० मिलिमीटर व्यासाचे व दीड मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे आणि पाऊण इंचाचे, इंचाला १६ असलेले आटे डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात. व्यासातला फरक एक मिलिमीटरहून कमी आहे, त्यामुळे चुकीची जोडीही काही फेरे आत जाते आणि बसल्यासारखी वाटते. पण तिची पकड अपुरी असते आणि दाबाखाली ती निसटू शकते. आपल्या इंजिनात डबीसारखा फिरवून काढायचा फिल्टर नसून आत कागदी काडतूस बदलायचे असेल, तर साधी सँडविच प्लेट बसणारच नाही. त्या इंजिनासाठी बनवलेला वेगळा जोड शोधावा लागेल. प्लेटमुळे फिल्टर दोन-तीन सेंटिमीटर खाली किंवा बाहेर येतो, तेव्हा जमिनीपासूनचे आणि आसपासच्या भागांपासूनचे अंतरही आधीच तपासावे.

पाइपांसाठी एएन या पाइप-फिटिंगच्या मापपद्धतीतले एएन-१० हे माप सहसा योग्य ठरते. त्यातला दहाचा आकडा म्हणजे इंचाचे सोळा भाग करून त्यातले दहा, अर्थात सुमारे १६ मिलिमीटर; पण हे माप धातूच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचे आहे, पाइपाचा आतला व्यास सुमारे १४ मिलिमीटर असतो. बसवण्याच्या कामात ज्याला मी खरोखर जीव लावून करण्याचे काम म्हणेन, ते हे पाइप कापण्याचे आणि स्वच्छ करण्याचे आहे. स्टीलच्या जाळीचा पाइप असेल, तर कापायच्या जागी चिकटपट्टीचे तीन-चार घट्ट वेढे द्यावेत आणि वेढ्यांच्या मधोमध बारीक दातांच्या पात्याने कापावे, म्हणजे तारा पिंजारत नाहीत. कापताना रबराची भुकटी आणि तारांचे बारीक तुकडे आत चिकटून बसतात. पाइप उजेडाकडे धरून एका टोकातून पाहिले, तर भिंतीवर काळसर पूड दिसते. ती नुसत्या हवेच्या झोताने जात नाही. ब्रेक क्लीनरने भिजवलेले, धागे न सुटणारे कापड पाइपातून ओढून काढावे आणि ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हापुन्हा ओढावे. त्यानंतर हवा मारून दोन्ही टोके ताबडतोब टोपणांनी बंद करावीत.

एएन फिटिंगचा सांधा ३७ अंशांच्या तिरप्या कडांवर धातूला धातू टेकून बंद होतो. आटे फक्त ओढून धरण्याचे काम करतात. त्यामुळे त्यावर टेफ्लॉन टेप कधीही गुंडाळू नये. ती गळती थांबवत नाही आणि तिचे सुटलेले धागे ऑइलच्या अरुंद मार्गांत जाऊन अडकतात. फिटिंग आवळताना दोन पाने वापरावेत, एकाने कूलरचे तोंड धरावे आणि दुसऱ्याने नट फिरवावा. नाहीतर ॲल्युमिनियमचे तोंड कूलरच्या अंगापासून पिळवटून निघते. पाइप नेताना एक्झॉस्टपासून आणि फिरत्या पट्ट्यांपासून दूर राहावे, चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून अंतर पाहावे आणि इंजिन भाराखाली हलते, म्हणून थोडी ढील ठेवावी. स्टीलची जाळी ज्याला घासते त्याला कानशीप्रमाणे खाते, मग ते वायरिंग असो, रेडिएटर असो की दुसरा पाइप. जिथे स्पर्श होण्याची शक्यता आहे, तिथे रबरी अस्तराचा क्लिप हवाच.

प्लेट बसवण्याच्या आधी जुन्या फिल्टरचे रबरी गॅस्केट फिल्टरबरोबर निघाले आहे की नाही, हे बोटाने चाचपून पाहावे. ही सूचना मी अनुभवावरून देत आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे जुने गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिले होते आणि काळ्या ऑइलात ते काळे कडे मला दिसले नाही. त्यावर नवे गॅस्केट बसले. गाडी सुरू झाली, मिनिटभर काहीही झाले नाही; मग दाबाने वरचे कडे एका बाजूने बाहेर ढकलले गेले आणि जवळजवळ सगळे ऑइल काही क्षणांत जमिनीवर आले. मी शेजारीच उभा होतो आणि इंजिन लगेच बंद केले, म्हणून ते वाचले. तेव्हापासून पृष्ठभाग कापडाने कोरडा पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. प्लेटच्या ओ-रिंगला ताजे ऑइल लावावे, पाइपांची तोंडे मोकळ्या बाजूला येतील अशी प्लेट फिरवावी आणि मधला पोकळ बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कनेच आवळावा.

सगळे जोडून झाले की लगेच किल्ली फिरवू नये. कूलर आणि पाइप रिकामे आहेत, तेव्हा ते भरेपर्यंत बेअरिंगला ऑइल मिळणार नाही. कूलर आणि पाइप शक्य तितके हाताने ऑइल ओतून भरावेत आणि फिल्टर उभा बसत असेल, तर तोही भरून घ्यावा. इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन स्टार्टरवर दहा-दहा सेकंद फिरवावे, मध्ये स्टार्टरला विश्रांती द्यावी आणि दाबाचा दिवा विझेपर्यंत किंवा गेजवर दाब दिसेपर्यंत हे करत राहावे. मगच फ्यूज परत लावून इंजिन सुरू करावे, रेस न देता चालू ठेवावे आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा पांढरा कागद धरून पाहावे.

पातळीबाबत एक बारकावा आहे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे कूलरमध्ये हवा उरली असेल, तर ती ऑइल तापून झडप उघडल्यावरच बाहेर पडते आणि त्याच वेळी डिपस्टिकवरची पातळी खाली येते. म्हणून गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवून आणावी, बंद करून काही मिनिटे थांबावे आणि पातळी पुन्हा पाहावी. कूलर व पाइपांच्या मापानुसार एरवीपेक्षा अर्धा ते एक लिटर ऑइल जास्त लागते. पन्नासएक किलोमीटरनंतर सगळे सांधे पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.

गाडीखाली जाताना ती जॅक स्टँडवर असली पाहिजे, नुसत्या जॅकवर कधीही नव्हे. काम इंजिन गार असताना करावे आणि हातमोजे घालावेत, कारण वापरलेले ऑइल त्वचेला घातक आहे. विम्याच्या कंपनीला या बदलाची माहिती आधी द्यावी; हमीची मुदत चालू असेल, तर तिच्या अटीही वाचाव्यात.

प्रश्न : मी गेल्या वर्षी थर्मोस्टॅट नसलेला ऑइल कूलर बसवला. थंडीत ऑइलचे तापमान ६५ अंशांच्या वर जात नाही आणि ऑइल भरायच्या टोपणाखाली पांढरट, मलईसारखा थर दिसतो. इंजिन खराब झाले आहे का?

उत्तर : बहुधा नाही, पण आधी एक खात्री करून घ्या. इंजिन गार असताना कूलंटची पातळी खूण करून ठेवा आणि पुढचे दोन आठवडे रोज पाहा. ती उतरत असेल किंवा तसाच मळकट थर डिपस्टिकवरही दिसत असेल, तर पाणी ऑइलात मिसळत असल्याची शक्यता आहे. गाडी चालवणे थांबवून हेड गॅस्केट आणि कारखान्याचा ऑइल कूलर असल्यास तो तपासून घ्यावा.

कूलंट स्थिर असेल आणि थर फक्त टोपणाखाली असेल, तर तो इंजिनात साचलेल्या वाफेचा आहे. इंधन जळताना पाणी तयार होते, त्यातले थोडे पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये येते आणि न जळलेल्या इंधनाचा अंशही त्याबरोबर येतो. ऑइल पुरेसे तापले की हे दोन्ही वाफ होऊन निघून जातात. ६५ अंशांवर ते निघत नाहीत, ऑइलात साठत राहतात, ते पातळ आणि आम्लधर्मी करतात आणि हळूहळू बेअरिंगचे पृष्ठभाग खातात. तात्पुरता उपाय म्हणून थंडीत कूलरच्या पुढे पत्र्याचा झाकणा लावून वारा अडवावा. तो लावल्यावर तापमानाचा गेज नीट पाहात राहावे आणि लांबच्या वेगवान प्रवासाआधी झाकणा काढावा. कायमचा उपाय थर्मोस्टॅटची प्लेट हाच आहे. ती बसवताना आत्ताचे ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून टाकावेत, ते कितीही नवे असले तरी.

प्रश्न : इंजिनाचे बेअरिंग गेल्यामुळे मोडीत काढलेल्या एका गाडीचा उत्तम अवस्थेतला ऑइल कूलर मला मिळतो आहे. धुऊन वापरता येईल का?

उत्तर : वापरू नये. बेअरिंग जाते तेव्हा धातूचा कीस ऑइलाबरोबर सगळीकडे फिरतो. कूलरच्या थरांमध्ये उष्णता चांगली निघावी म्हणून मुद्दाम वळणे आणि अडथळे ठेवलेले असतात. तिथे तो कीस रुततो आणि रॉकेलने, सॉल्व्हंटने किंवा हवेच्या झोताने धुतला तरी पूर्ण निघत नाही. पुढे इंजिन तापले, ऑइल पातळ होऊन जोरात वाहू लागले आणि हादरे बसले, की तो थोडा थोडा सुटतो. सँडविच प्लेटच्या जोडणीत कूलरनंतर फिल्टर येतो हे खरे, पण थंड, जाड ऑइल फिल्टरमधून पुरेसे जात नाही तेव्हा फिल्टरची बायपास झडप उघडते आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगकडे जाते. त्या गाडीचे पाइप आणि थर्मोस्टॅटची प्लेट मिळत असली, तरी पाइप घेऊ नयेत. प्लेट पूर्ण उघडून, प्रत्येक छिद्र डोळ्यांनी पाहून साफ करता आली आणि तिच्या ओ-रिंगा नव्या मिळाल्या, तरच तिचा विचार करावा.