दिवाळीत सगळं बिघडलं, आता परत कुठून सुरू करू?

दिवाळी झाल्यापासून आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये बहुतेकांची एकच तक्रार आहे, छान चाललं होतं, मधेच खाडा पडला आणि आता परत जमतच नाहीये. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून ह्याच विषयावरच्या तिघांना उत्तरं देतेय. पहिलं पत्र मोठं आहे पण जवळजवळ पूर्ण छापलंय, कारण त्यात खूप जणींना आपलंच घर दिसेल.

प्रश्न: नमस्कार ताई, मी 43 वर्षांची, चिंचवडला राहते, शाळेत शिकवते. एप्रिलमध्ये तीन महिन्यांची शुगर 6.2 आली, डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहात, वजन कमी करा. घाबरून का होईना, मी खरंच मनावर घेतलं. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, रोज एक उसळ, चहात साखर बंद, सकाळी पाऊण तास चालणं. ऑगस्टमध्ये शुगर 5.8 आली, वजन 74 चं 69 झालं. गणपतीतपण सांभाळलं, दोनच मोदक खाल्ले. मग नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, मग दसरा, कोजागिरी, आणि दिवाळीत तर काही धरबंधच राहिला नाही. फराळ करताना चव बघत बघत खाल्लं, भाऊबीजेला साताऱ्याला माहेरी गेले तर आईने मला आवडतात म्हणून अनारसे केलेले, तिला नाही कसं म्हणणार. वसुबारसेला काटा 69 दाखवत होता, परत आल्यावर 71.2. तेव्हापासून तीन सोमवार गेले, दर सोमवारी ठरवते आणि मंगळवारी संध्याकाळी शाळेतून आले की मोडतं. एकदा दोन दिवस फक्त सूप आणि फळं घेतली, दुसऱ्या रात्री साडेअकराला दिवा न लावता ओट्यापाशी उभी राहून डब्यातूनच चिवडा खात होते. मुलगा पाणी प्यायला आला, काही बोलला नाही, पण मला खूप रडू आलं. ह्यांचं म्हणणं, सोडून दे, तुझ्याने होणार नाही, कशाला त्रास करून घेतेस. खरंच होणार नाही का? सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली का?

उत्तर: ताई, नाही गेली. आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, हिशेबच करून बघू. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे सव्वादोन किलोला जवळजवळ 17,000. मध्यम आकाराच्या बेसन लाडवात दीडशे ते दोनशे कॅलरी धरल्या तर तुम्ही आठ दिवस रोज पोटभर जेवून वर बारा बारा लाडू खायला हवे होते. खाल्लेत का? नाही ना. मग काट्यावरचं बाकीचं काय आहे, तर बरंचसं पाणी. शेव, चिवडा, चकली यात मीठ असतं, ते पाणी धरून ठेवतं, आणि जास्तीच्या साखरेचा नि मैद्याचा काही भाग शरीर ग्लायकोजेन म्हणजे राखीव साखर म्हणून साठवतं, त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. रोजचं जेवण परत सुरू झालं की हे आठ-दहा दिवसांत उतरायला लागतं. थोडी खरी चरबीही वाढली असेल, ते नाकारत नाही, पण ती अर्धा-पाऊण किलोची गोष्ट आहे, सहा महिन्यांची नाही.

माझ्या मते तुमचं नुकसान दिवाळीपेक्षा त्या तीन सोमवारांनी जास्त केलंय. 1975 साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक ह्या दोघांनी एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगायच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिक आहे, पोट भरलं होतं. पण ज्या रोज मोजूनमापून खायच्या त्यांनी उलट जास्त खाल्लं, कारण एकदा मोडलंच आहे तर आता काय फरक पडतो. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी एक लाडू खाता आणि मनात म्हणता की गेला हा आठवडा, आता पुढच्या सोमवारी बघू, हे तेच आहे. त्या एका लाडवाने काहीच बिघडत नाही हो, पण पुढचे पाच दिवस मोकळे सुटतात त्याने बिघडतं. म्हणून सोमवार हा शब्दच आता काढून टाका. मोडलं की पुढचं जेवण नेहमीचं, दुपारी मोडलं तर रात्री, रात्री मोडलं तर सकाळी.

आणि ती सूप-फळांची शिक्षा तर अजिबात नको. दिवसभर शाळेत उभं राहून शिकवायचं, घरी येऊन स्वयंपाक करायचा आणि पोटात नुसतं सूप, मग रात्री साडेअकराला शरीर खायला मागणारच. तुम्ही अंधारात उभ्या होतात ती भूक होती, त्यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. मुलाला जमलं तर एकदा सहज सांगा की त्या दिवशी मी नीट जेवले नव्हते म्हणून तसं झालं, मुलं न बोलता बरंच काही मनात ठेवतात. मात्र असं लपून खाणं वारंवार व्हायला लागलं, थांबवता येत नाहीये असं वाटलं, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, तो वेगळा त्रास असतो आणि त्यावर उपचार आहेत.

आता सुरुवात कुठून, तर सगळं एकदम नको. तुमची सगळ्यात मुरलेली सवय कुठली होती? पत्र वाचून मला वाटतं रात्रीची भाकरी आणि उसळ. मग पंधरा दिवस फक्त तेवढंच धरा. आज रात्रीच मटकी किंवा मूग भिजत घाला, उद्या मोड येतील तेव्हा येतील, आज भाकरी, कुठलीही पालेभाजी, वाटीभर वरण आणि काकडीची कोशिंबीर. सकाळी नाश्त्याला पोहे झाले तर होऊ देत, चालायला पाऊण तास मिळाला नाही तर पंधरा मिनिटं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर अभ्यास झाला होता, नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात यावर, तर सरासरी 66 दिवस आले, कुणाला 18 तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. त्यात एक गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते, मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. तुमचे दिवस एकापेक्षा जास्त चुकलेत हे खरं, पण तुम्ही एप्रिलपासून नवरात्रापर्यंत पाच महिने रोज केलंय, हाताला भाकरी थापायची सवय आहे, कोऱ्या पाटीपासून सुरुवात नाहीये.

दुसरं, ती संध्याकाळची वेळ. दर वेळी मोडतं ते शाळेतून आल्यावर, म्हणजे दुपारचा डबा साडेबारा-एकला झाला असेल आणि मधे चार-साडेचार तास काहीच नाही. चपला काढायच्या आधी हात फराळाच्या डब्याकडे जातो कारण तो ओट्यावर समोरच आहे. पर्समध्ये फुटाण्याची पुडी आणि एक पेरू ठेवा, शाळा सुटायच्या आधी चार-साडेचारला खा, घरी पोचाल तेव्हा भूक असेल पण नुसती भूक भूक होणार नाही. आणि उरलेला फराळ उद्याच स्टाफरूममध्ये न्या, सोसायटीच्या वॉचमनना द्या, घरातल्यांसाठी एकच छोटा डबा ठेवा तोही वरच्या फळीवर. चिवडा खावासा वाटला तर खा, पण वाटीत काढून, खुर्चीवर बसून, चहाबरोबर, दिवा लावून. मी अगदी मनापासून सांगते, डब्यातून उभ्याने खाल्लेलं पोटाला कळत नाही आणि मनालाही.

कॅलेंडरवर पण एकदा नजर टाका. श्रावण लागला की आपल्याकडे दिवाळीपर्यंत सण संपत नाहीत, मग लग्नसराई, मग संक्रांतीचा तिळगूळ. पण खरे सणाचे दिवस मोजलेत तर वर्षात दहा-पंधरा भरतात, त्या दिवशी आईच्या हातचे अनारसे खायलाच हवेत, खा आणि मन भरून खा. अडचण उरलेल्याची होते, तीन आठवडे पुरणाऱ्या फराळाची. पुढच्या वर्षी निम्म्या मापाने करा. आईलाही भाऊबीजेच्या आधी फोन करून सांगा की अनारसे हवेतच पण मोजके, आणि एका जेवणाला तुझ्या हातचं वांग्याचं भरीत नि भाकरी कर, तिलाही तुमच्यासाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळेल.

रिपोर्टची भीती वाटत असेल, तर तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी ही तांबड्या पेशींना चिकटलेली साखर असते आणि त्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा. आत्ता घाबरून टेस्ट केलीत तर दिवाळीच दिसेल. डॉक्टरांना विचारून पुढची टेस्ट जानेवारीच्या शेवटी ठेवा, तोवर हातात भरपूर दिवस आहेत. काटाही रोज नको, आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच वेळी.

आणि ह्यांना हे वाचून दाखवा. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या 531 जणांचा अभ्यास करून 2006 साली प्रसिद्ध केला. ज्यांनी फक्त खाणं आणि चालणं सुधारलं त्यांच्यात तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा 28.5 टक्क्यांनी कमी निघालं. तीन वर्षं म्हणजे त्यांच्याही घरी तीन दिवाळ्या झाल्या असतील, लग्नं झाली असतील. तुमच्याने होणार नाही हे म्हणण्यापेक्षा ह्यांनी रात्री पंधरा मिनिटं तुमच्याबरोबर चालायला यावं.

प्रश्न: मॅडम, वय 26, मूळचा परभणीचा, हिंजवडीत नोकरी, पीजीवर राहतो. जिम आणि हाय प्रोटीन डाएट आठ महिने सुरू होतं. सप्टेंबरमध्ये डेंगी झाला, पाच दिवस ॲडमिट होतो, नंतर पंधरा दिवस ब्रेड, बिस्किट, खिचडी एवढंच. आता बरा आहे, डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलंय, पण रोज रात्री बाहेरून ऑर्डर होते आणि जिमचं नाव काढलं की कंटाळा येतो. एकदम पहिल्यासारखं कसं करू?

उत्तर: एकदम पहिल्यासारखं नकोच. आजारपणातला खाडा तुमच्या हातात नव्हता, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. डेंगीनंतर काही आठवडे थकवा राहू शकतो, तुम्ही ज्याला कंटाळा म्हणताय त्यातला बराचसा थकवाच असेल. अजून महिनाभराने पण असंच वाटलं तर परत डॉक्टरांना दाखवा.

रात्रीची ऑर्डर होते कारण कामावरून येता तेव्हा खोलीत खायला काहीच नसतं. पीजीत शेगडी नसली तरी अंडी उकडायचं छोटं मशीन चालतंय का विचारा. दोन अंड्यांत 12 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, मूठभर फुटाण्यांत सहाएक ग्रॅम, शिवाय दह्याचा डबा, केळी, काकडी, टोमॅटो. आल्या आल्या हे खा, मग मेसची भाजी-पोळी जी असेल ती. ऑर्डर आठवड्यातून एकदा, शनिवारी, मित्रांबरोबर, तीही मजेत. जिममध्ये पहिले दोन आठवडे निम्म्या वजनावर आणि निम्मा वेळच, शेजारचा किती उचलतोय ते बघू नका.

प्रश्न: मी 67 वर्षांची, कोल्हापूर. दिवाळीत गोड फार झालं, म्हणून ठरवलंय की मार्गशीर्षातले गुरुवार कडक करायचे, म्हणजे भरून निघेल. शुगरची गोळी चालू आहे. चालेल ना?

उत्तर: काकू, उपवास श्रद्धेने जरूर करा, पण दिवाळीचं खाणं त्याने भरून निघत नाही, आणि गोळी चालू असताना कडक उपवास धोक्याचा आहे. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. त्यामुळे पहिल्या गुरुवारच्या आधीच डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून विचारा, त्या दिवशी किती घ्यायची आणि कधी. ते नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर निरंकार राहू नका, साबुदाणा नि बटाटाही कमीच, त्यात नुसता स्टार्च. थोडी वरीची भगर आणि शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, असं दर तीन-चार तासांनी थोडं थोडं घ्या. घाम, थरथर किंवा चक्कर असं काही व्हायला लागलंच तर उपवास तिथेच सोडून लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, हे घरात सुनेला नि नातवंडांना आजच सांगून ठेवा. संध्याकाळी देवीला खिरीचा नैवेद्य दाखवाल तेव्हा आधी भाजी-भाकरी जेवा आणि खीर प्रसाद म्हणून दोन चमचे.