द्राक्षबाग, नोकरी आणि आईचं आजारपण

"मॅडम, मला निर्णयच घेता येत नाही. मी मुळातच भित्रा आहे का?" सांगलीत माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे बरेचजण हे विचारतात. तासगावकडच्या एका तरुणाचाही हाच प्रश्न होता (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). पुण्यातली नोकरी सोडून घरची द्राक्षबाग बघावी का? आई हृदयविकाराची रुग्ण, उपचार मिरजेत. घरचे म्हणत, "याच्यात धमकच नाही."

माणसाला सरसकट भित्रा ठरवणं मला अजिबात पटत नाही. धोका कशातला, हे आधी विचारावं.

मी म्हटलं, "नाणेफेक समज. छापा आला तर वर्षाला १२ लाख, काटा आला तर २ लाख. त्याऐवजी ठरलेले किती मिळाले तर नाणेफेक सोडशील?" वरखाली करत तो साडेसहा लाखांवर थांबला. नाणेफेकीची सरासरी ७ लाख. खात्रीसाठी तो जेमतेम ५० हजार सोडत होता. याला भित्रा कोण म्हणेल?

मग आईचं विचारलं. "रात्री तिला त्रास झाला, तर अर्ध्या तासात पोचशील किंवा ६ तासांत, शक्यता निम्मी-निम्मी. त्याऐवजी हमखास किती तास चालतील?" सरासरी सव्वातीन तास येते. तो म्हणाला, "पाच चालतील, पण नक्की पाहिजेत." इथे मात्र त्याला अनिश्चितता सोसवत नव्हती.

खरी गाठ तिसऱ्या प्रश्नात सुटली. पहिला डाव: बाग साधेल आणि आईही बरी, नाहीतर दोन्ही बिघडेल. दुसरा डाव: बाग साधेल पण आई आजारी, किंवा आई बरी पण बाग गेली. सगळ्या शक्यता निम्म्या, म्हणजे बाग आणि आई वेगवेगळी पाहिली तर दोन्ही डाव सारखेच. त्यानं लगेच दुसरा निवडला. "दोन्ही एकदम अंगावर नको." ही वृत्ती अर्थशास्त्रज्ञ स्कॉट रिचर्ड यांनी १९७५ साली गणितात मांडली. पैशात धोका पत्करणारा माणूसही दोन संकटं एकत्र येण्याला बिचकू शकतो, म्हणून हे वेगळं तपासावं लागतं.

आता त्याचा बेत बघा. नोकरी सोडायची, बागेवर कर्ज काढायचं. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस होऊन दावण्या (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) पडला, तर उत्पन्न गेलं. नोकरीबरोबर आरोग्य विमा आधीच गेलेला. आईच्या उपचाराचा पैसाही त्याच बागेतून यायचा. त्याचं बिचकणं अगदी रास्त होतं.

त्यानं आईच्या उपचाराची रक्कम वेगळी ठेवली, स्वतंत्र विम्याची चौकशी केली आणि एक हंगाम चुलतभावाबरोबर वाट्यानं बाग करायचं ठरवलं. नोकरी तूर्त चालू आहे. पत्नीला तोच पहिला प्रश्न विचारला, तेव्हा ती ४ लाखांवर थांबली. पुढच्या भेटीला दोघं मिळून येणार आहेत, मुलांच्या शाळेचं अजून ठरायचंय.