पाय म्हणजे कुठला पाय? जर्मनीला निघालेल्या सिस्टरसाठी

तुझा मेसेज दोनदा वाचला. तू जीएनएम (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा), गेल्या वर्षी पास, पुण्यात खासगी हॉस्पिटलात 16 हजारांवर. धाकटी बहीण एएनएम (त्याहून छोटा, सहायक नर्सचा कोर्स), लातूरला नर्सिंग होममध्ये. एजंट म्हणतोय दोघींचे मिळून सहा लाख भरा, बी-वनपर्यंत (म्हणजे भाषेच्या मधल्या पायरीपर्यंत) जर्मन आम्ही शिकवू, सहा महिन्यांत विमानात बसवू. पैशांसाठी बाबा शेत गहाण टाकायला निघालेत. आणि तू विचारतेस, "ताई, भरू का?"

नको भरूस. आपल्याकडे नोंदणीकृत भरती एजंटाला एका माणसामागे 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तो नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळतं. इकडे जर्मनीत तर नर्सच्या भरतीसाठी जर्मन सरकारचा 'फेअर आन्व्हेर्बुंग' नावाचा शिक्काच आहे. तो ज्या एजन्सीकडे आहे तिने नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नाहीत, खर्च हॉस्पिटलने करायचा. इथे हॉस्पिटलांना माणसं हवी आहेत, गरज त्यांची आहे. मग शेत गहाण तुझ्या बाबांनी का टाकायचं?

दुसरं म्हणजे तुम्हा दोघींचे रस्ते वेगळे आहेत, आणि एजंट ते एकाच पिशवीत घालतोय.

तुझं जीएनएम इथे विचारात घेतलं जातं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, तासांसकट अभ्यासक्रमाचा तपशील, अनुभवाची पत्रं, सगळ्याचं प्रमाणित भाषांतर करून ज्या राज्यात नोकरी करणार तिथल्या कार्यालयाकडे जातं. मग येतं 'डेफिझिटबेशाइड', म्हणजे तुझ्या शिक्षणात काय कमी पडतं याचं पत्र. आपल्या मुली ते पत्र बघून रडतात, नकार आला समजून. तो नकार नाही. जवळपास सगळ्यांना हेच पत्र येतं, आणि व्हिसाही त्याच्यावरच मिळतो. इथे आल्यावर कमतरता भरून काढायची: एकतर काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा. मी परीक्षा दिली. तोंडी परीक्षा पाऊण तास ते तासभर, आणि वॉर्डात खऱ्या पेशंटवर प्रात्यक्षिक. नापास झालीस तर एकदाच पुन्हा बसता येतं. पास होऊन बी-टूचा (बी-वनच्या वरच्या पायरीचा) दाखला दिलास की नर्स म्हणून मान्यता. तोपर्यंत पगारही मदतनिसाचा आणि काम बरंचसं मदतनिसाचं.

हे "मदतनिसाचं काम" नीट समजून घे, कारण निम्म्या जणी इथेच कोलमडतात. मी पुण्यात आयसीयूत तीन वर्षं काढली होती. व्हेंटिलेटर सांभाळलेला, ज्याची व्हेन डॉक्टरांना सापडायची नाही त्याला मी सलाईन लावायचे. पेशंटला पुसायला मावशी, बेडपॅनला वॉर्डबॉय, भरवायला नातेवाईक. इथे पहिल्या दिवशी सकाळी सहाला माझ्या हातात कोमट पाण्याचं भांडं आणि अंग पुसायची, हातात घालायची दोन कापडी मिटन दिली. एक तोंडाला आणि वरच्या अंगाला, दुसरं कमरेखाली, अदलाबदल चालत नाही. चेहऱ्याला साबण लावायचा का, हे आजीला विचारायचं. जेवढं तिला स्वतःला पुसता येतं तेवढं तिनेच पुसायचं, मग वीस मिनिटं लागली तरी चालतील. सलाईन लावायला आमच्या वॉर्डात डॉक्टर येतो. घरी फोन करून मी म्हटलं होतं, मला इथे मावशी केलंय. आता, पाच वर्षांनी, तसं म्हणवत नाही. अंग पुसताना पाठीवरची लाल झालेली जागा दिसते, श्वास लागतोय ते कळतं, माणूस बोलायला लागतो. पण हे मला कोणी निघायच्या आधी सांगितलं असतं तर पहिले चार महिने इतके वाईट गेले नसते.

माझी एक चूकही सांगते. एका रात्री एक आजी सारखी उठून चालायला बघत होती. पडेल म्हणून मी पलंगाचे दोन्ही कठडे वर केले, आपल्याकडे करतो तसे. सकाळी इन्चार्जने बाजूला घेऊन विचारलं, कोणाच्या परवानगीने? पेशंटच्या संमतीशिवाय तिला असं पलंगात अडवून ठेवणं म्हणजे इथे तिचं स्वातंत्र्य काढून घेणं, आणि ते नेहमीचं करायचं असेल तर न्यायाधीशाची मंजुरी लागते. प्रात्यक्षिक परीक्षेतही यावर बारीक नजर असते. कठडे वर करायला निघालेला तुझा हात सवयीने जाईल, तो आवरायचा.

आता भाषा. बी-वनवर ये म्हणणाऱ्याला तुला वॉर्डात उभं राहायचं आहे याचं काही पडलेलं नाही. मी स्टुटगार्टजवळच्या गावात राहते, इथली म्हातारी माणसं श्वेबिश बोलीत बोलतात. एक आजोबा म्हणाले, 'फूस' दुखतोय. पुस्तकात फूस म्हणजे पाऊल. मी मोजा काढला, पाऊल पाहिलं, सूज नाही, तसं लिहून टाकलं. दुपारच्या सिस्टरला कळलं की दुखत होता तो खुबा! श्वेबिशमध्ये फूस म्हणजे कमरेपासून खालचा अख्खा पाय. आपला 'पाय'सुद्धा तसाच की, पण ते तेव्हा सुचेल तर ना. त्यांच्या तोंडी 'टेपिश' म्हणजे पांघरूण, पुस्तकात गालिचा. बी-टू करून आले होते तरी हे झालं. बी-वनवर काय होईल याचा विचार कर.

म्हणून तुझ्यासाठी मी म्हणेन, आहे ती नोकरी सोडू नकोस, शक्य असेल तर नाईट मागून घे आणि पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात (जर्मनीच्या गोएथे संस्थेच्या केंद्रात) किंवा चांगल्या क्लासला नाव घाल. बी-टूच्या गोएथे परीक्षेचे चार भाग असतात, प्रत्येकात 60 गुण लागतात, आणि राहिलेला भाग वेगळा देता येतो. मी लेखन दोनदा दिलं. दीड वर्ष धर, सहा महिने नाही. तेवढ्यात तुझा अनुभवही दोन वर्षांच्या पुढे जाईल.

बहिणीचं वेगळं. एएनएमवर तिला नर्स म्हणून मान्यता मिळणार नाही, एजंट काहीही म्हणो. पण बारावी चांगली असेल तर 'आउसबिल्डुंग', म्हणजे पगारी व्यावसायिक प्रशिक्षण, आहे: तीन वर्षं, शाळा आणि वॉर्ड आलटूनपालटून. 2020 पासून हॉस्पिटल, लहान मुलं आणि वृद्धांची सेवा हे तिन्ही एकत्र शिकवतात. पैसे भरायचे नाहीत, उलट महिन्याला पैसे मिळतात, 2024 मध्ये ते कर कापायच्या आधी साधारण 1,300 ते 1,500 युरो होते. व्हिसाला बी-वन चालतं, पण तिलाही बी-टूच कर म्हण. शेवटी तिला तुझ्याइतकीच पूर्ण नर्सची मान्यता मिळेल, भाषाही बहुधा तुझ्याहून चांगली असेल. खरं सांगू, कधी कधी वाटतं मीच तो रस्ता धरायला हवा होता.

पगाराचा आकडा रुपयांत गुणून घरी सांगू नकोस. मान्यतेनंतर माझ्या हातात कर आणि विमे जाऊन दोन हजारांच्या थोडे वर युरो यायला लागले, त्यातले 520 एका खोलीच्या भाड्यात जायचे. शिल्लक पडते, पण पहिल्या वर्षी कर्ज फेडून घर बांधणं होत नाही.

करार आला की सही करायच्या आधी त्यात 'र्‍यूकत्सालुंग' हा शब्द शोध. मध्येच नोकरी सोडलीस तर किती पैसे परत करायचे, ते तिथे लिहिलेलं असतं. त्या पानाचा फोटो मला पाठव, रविवारी सुट्टी आहे, बसून वाचते.