सबऑप्टिमलला मराठीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या रिपोर्टमध्ये 'सबऑप्टिमल सोल्युशन', म्हणजे सगळ्यात चांगला नसलेला उपाय, असं आलंय, त्याला 'उपइष्टतम उपाय' लिहिलं तर चालेल का. माझं मत, नको. 'इष्टतम' (ऑप्टिमल, म्हणजे सगळ्यात चांगला) परिभाषेत ठीकच आहे, पण उपमहापौर, उपनगर यातला 'उप' म्हणजे हाताखालचा किंवा जवळचा, 'कमी पडलेला' हा अर्थ त्यातून निघत नाही.

रोजच्या बोलण्यात यासाठी फार छान शब्द आहे, डावा! 'हा आंबा त्याच्यापेक्षा डावा आहे' म्हणजे वाईट नाही, खाण्यासारखाच आहे, फक्त शेजारचा सरस आहे. ठाण्याहून अंधेरीला जाताना दादरला गाडी बदलून आजही पोचता येतं, पण २०१४ ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि तो रस्ता बऱ्याच जणांसाठी डावा ठरला. रस्ता तोच, चुकीचा झाला नाही, फक्त बाजूला उजवा आला. मात्र नुसतं 'डावा निर्णय' लिहू नका, राजकारणातले डावे आठवतील. 'त्यापेक्षा डावा', 'डावा ठरतो' असं लिहा.

'दुधाची तहान ताकावर' कुणीतरी सुचवेलच, पण तिथे दूध मिळतच नसतं, नाइलाज असतो, आणि 'दगडापेक्षा वीट मऊ' मध्ये दोन्ही कडकच. तुमच्या रिपोर्टमध्ये तर चांगला पर्याय समोर होता असं तुम्हीच लिहिलंय.

आणि 'चालेल' हा शब्द यात मिसळू नका. दादरला मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस साडीवर धरून दुकानदार म्हणतो, 'एकोणीस-वीसचा फरक आहे, चालून जाईल', आपण उजेडात नेऊन बघतो आणि 'चालेल' म्हणतो किंवा उशीर झालाय म्हणून 'चालवून घेऊ' म्हणतो. या दोन्हीत केवढा फरक आहे बघा, पहिल्यात समाधान आहे, दुसऱ्यात मन मारणं. हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते हेच मांडत होते की माणूस सगळे पर्याय तपासत बसत नाही, गरज भागेल असा मिळाला की थांबतो. मला तर तो आपला 'चालेल'च वाटतो, आणि तो काही कमीपणा दाखवणारा शब्द नाही.

तेव्हा तुमच्या वाक्यात मी लिहीन, 'उपलब्ध पर्यायांत हा उपाय डावा ठरतो.' आणि कमिटीने नाइलाजाने घेतला असेल तर सरळ 'चालवून घेतलेला उपाय'.