फरदडीचा प्रश्न आणि रेझ्युमेतली एक ओळ

उन्हाळ्यात परीक्षा आटोपल्या की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, कॉलेजात भाषणं केली, गावात सूत्रसंचालन केलं. हे रेझ्युमेत लिहायचं का? लिहिलं तर हसतील का?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोन दिवस मी मुलामुलींना नोकरीबद्दल मार्गदर्शन करते. या प्रश्नावर मी आता एका मुलीचीच गोष्ट सांगते. तिला विचारून लिहिते आहे, नाव-गाव मात्र मुद्दाम सांगत नाही.

मे महिन्यातली दुपार होती. तोंडाला स्कार्फ गुंडाळून, एसटीनं बावीस किलोमीटर येऊन ती समोर बसली. बी.ए.चं शेवटचं वर्ष नुकतंच झालेलं. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. प्लास्टिकच्या फाइलमधून तिनं एक कागद काढला आणि टेबलावर ठेवताना हातानं सारखा केला.

झेरॉक्सच्या दुकानात बनवलेला कागद लांबूनही ओळखू येतो. वर ठळक 'बायोडाटा'. खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती. मग दहावी-बारावीच्या टक्क्यांचा चौकोन. 'अनुभव' या शब्दापुढे 'निरंक'. 'छंद' यापुढे 'वाचन, गाणी ऐकणे, भाषण करणे'. आणि तळाशी, वरील माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. हाच कागद मी शेकडो वेळा पाहिला आहे, बदलतात ती फक्त नावं.

अर्ज होता कापसावर काम करणाऱ्या एका प्रकल्पात क्षेत्र सहाय्यकाच्या जागेसाठी. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांचे गट करायचे, त्यांना माहिती द्यायची, नोंदी ठेवायच्या. पदवी कोणतीही चालेल, कृषीची असल्यास प्राधान्य. तिची अडचण तिनं एका वाक्यात सांगितली, "माह्याजवळ कृषीची डिग्री नाही न अनुभवही नाही, मॅडम. मले बोलावतीलच काऊन?"

मी 'भाषण करणे' या दोन शब्दांवर बोट ठेवलं. "हे शेवटचं कुठं केलंस?"

"ते काही खास नाही. शेतीशाळेत बोलली होती." शेतीशाळा म्हणजे कृषी विभाग शेतकऱ्यांना पिकाची माहिती द्यायला गावात घेतो तो वर्ग.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) सात दिवसांच्या शिबिरात रोज संध्याकाळी गावकऱ्यांसमोर कुणीतरी बोलायचं असे. एका संध्याकाळी ठरलेला विद्यार्थी आलाच नाही आणि ही उभी राहिली. विषय गुलाबी बोंडअळी. 2017 च्या हंगामात या अळीनं विदर्भातला कापूस कसा खाल्ला, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तेव्हा ही मुलगी लहान होती, पण घरात बापाचा चेहरा पाहतच होती. ती जे बोलली ते कृषी सहायकांनी ऐकलं आणि पुढल्या हंगामात तीन गावांच्या शेतीशाळेत तिला बोलायला नेलं. तीनही वेळा फुकट. म्हणूनच तिच्या लेखी तो 'अनुभव' नव्हता.

"मी शेतकरी आहे असं समज," मी म्हटलं. "मला सांग, त्या दिवशी काय सांगितलंस."

ती आधी टेबलाकडे बघत होती. मग कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंगांना ओढणारा सापळा, दाखवायला माझी पाण्याची रिकामी बाटली उचलून तिनं उलटी धरली. "हे नरसाळं समजा. याच्यात वर ही गोळी लावाची. खाली पिशवी. पऱ्हाटीच्या शेंड्याच्या एक फूट वर टांगाचा. काका, हे औषध नाही. हे घड्याळ हाय. अळी मारत नाही, अळी कवा येणार ते सांगते. नर पतंग येऊन पडतात. तीन दिवस रोज आठ-आठ पतंग पडले का समजा वेळ झाली." बाटली खाली ठेवून तिनं बोटांची कळी केली आणि पाकळ्या आवळून दाखवल्या. "असं फूल दिसलं, उमलत नाही, पाकळ्या गुंडाळल्या, ते डोमकळी. तोडा न नष्ट करा, तिथंच टाकून देऊ नोका. आत अळी बसली हाय."

कामगंध सापळ्याबद्दल मी अनेक पत्रकं वाचली आहेत. "हे घड्याळ हाय" इतकं नेमकं मला कुणी समजावलं नव्हतं.

पण त्या दुपारी मला खरी वस्तू सापडली ती त्याच्या पुढे. तिसऱ्या गावात तिनं फरदड घेऊ नका असं सांगितलं. फरदड म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर उभ्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, घेतलेलं जास्तीचं पीक. डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला खायला मिळत राहतं, तिचं चक्र तुटत नाही आणि पुढचा हंगाम ती आयता धरते. हे बरोबरच आहे, पण हातात पैसा नसलेल्या माणसाला ते ऐकवणं कठीण. मागे बसलेले एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, "बाई, फरदडीचे चार पैसे भेटतात. ते तू देशील काय?" सगळे हसले.

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. मी म्हटलं, आबाजी, मी नाही देऊ शकत. पण आमच्या बाबानं फरदड घेतली होती, त्याचा हिशेब सांगतो. दोन क्विंटल निघाला, तोही कवडी. पुढल्या वर्षी किडीनं चार क्विंटल नेला न फवारणीचे पैसे वेगळे. मंग ते बसले. पटलं का नाही, मले माहीत नाही."

मी तिला तिथंच थांबवलं. अंगावर आलेला प्रश्न न चिडता घेतला, मोठ्या माणसाचा मान राखला, घरचा हिशेब पुढे ठेवला, तोही आपल्याच बापाच्या चुकीचा. क्षेत्र सहाय्यकाचं रोजचं काम याहून वेगळं काय असतं? आणि कागदावर लिहिलं होतं, अनुभव: निरंक.

मुलं दोन कारणांनी हे लिहायला कचरतात. पैसे मिळाले नाहीत म्हणजे तो अनुभव नाही, हे एक. दुसरं कारण तिनं स्वतःच सांगितलं, "पण मी तं वऱ्हाडीत बोलली. पब्लिक स्पीकिंग म्हणजे इंग्लिशमंधी ना?" तिच्या चुलतभावानं पुण्याहून तिला भाषणाचा सराव करवणाऱ्या टोस्टमास्टर्स क्लबबद्दल सांगितलं होतं. अमेरिकेत 1924 साली सुरू झालेली ती चळवळ मला फार आवडते. पाच ते सात मिनिटांचं तयार भाषण, एक जण घड्याळ धरून बसतो, एक जण बोलणाऱ्याचे 'अं... अं' मोजतो. ज्याला शहरात ती संधी मिळते त्यानं जरूर घ्यावी आणि रेझ्युमेत लिहावीही. पण ते नाही म्हणून आपल्याकडे काहीच नाही, हे मला मान्य नाही. शेतीशाळेत घड्याळ कुणी धरत नाही, तरी बोलणं लांबलं की लोक उठून वावरात निघून जातात. ही परीक्षा काही कमी कडक नाही.

मी तिला विचारलं, "तुझ्या पदवीवर विद्यापीठाचं नाव काय छापलं आहे?"

"संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ."

गाडगेबाबा शाळेत शिकलेले नव्हते. कीर्तनात ते आपल्या वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. हजारोंच्या समोर. ज्यांचं नाव पदवीवर आहे ते ज्या बोलीत बोलले, तिची लाज त्याच पदवीच्या मुलीनं का बाळगावी? तिला हे मनापासून सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल. ज्या कामात शेतकऱ्यांशी बोलायचं आहे तिथं 'वऱ्हाडी आणि मराठीतून बोलते' हे लिहायचंच असतं. भाषेच्या रकान्यात मुलं हटकून इंग्रजी आधी लिहितात आणि जी भाषा खरी येते ती शेवटी.

आठ दिवसांनी ती नवा कागद घेऊन आली. आता गाडी दुसऱ्या टोकाला गेली होती. चुलतभावाच्या सल्ल्यानं लिहिलं होतं, '500 हून अधिक शेतकऱ्यांना प्रशिक्षण. उत्कृष्ट वक्तृत्व व नेतृत्वगुण.' मी विचारलं, "पाचशे कसे मोजलेस?" ती गप्प. मग आम्ही एकेक गाव आठवलं. पहिल्या गावात समाजमंदिरात चाळीसच्या आसपास. दुसऱ्या गावात पाऊस होता, पंचवीस. तिसऱ्या गावात तीस. झाले पंचाण्णव. पंचाण्णव हा सुंदर आकडा आहे, कारण तो खरा आहे आणि कुणी खोदून विचारलं तर तिला गावागणिक सांगता येतो. पाचशे लिहून मुलाखतीत अडखळली असती, तर तिचं खरं कामही खोटं ठरलं असतं. 'उत्कृष्ट वक्तृत्व' मी काढायलाच लावलं. ते समोरच्यानं ठरवायचं असतं.

"बोलण्यानं पुढे काय झालं, ते माहीत आहे?" मी विचारलं. फरदड घेणं किती जणांनी सोडलं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ते लिहायचं नाही असं ठरलं. पण तिच्या स्वतःच्या गावातल्या अकरा जणांनी सापळे लावले, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण सापळे आणायला नावं तिनंच वहीत लिहून घेतली होती. ती वही घरी होती. ते लिहिलं.

शेवटी जी नोंद तयार झाली ती अशी:

'शेतीशाळेत वक्ता (विनामानधन), मागील खरीप हंगाम. 3 गावांत सुमारे 95 शेतकऱ्यांना गुलाबी बोंडअळी, कामगंध सापळे, डोमकळी आणि फरदडीचे नुकसान या विषयांवर वऱ्हाडी-मराठीतून प्रात्यक्षिकासह माहिती दिली व प्रश्नांना उत्तरे दिली. स्वतःच्या गावातील 11 शेतकऱ्यांनी सापळे लावले, त्यांची नोंद ठेवली.'

हे 'छंद' खाली जाणार नव्हतं. 'अनुभव' खाली, 'निरंक' होतं त्या जागी गेलं. कारण ज्या नोकरीसाठी अर्ज आहे तिचा हाच गाभा.

आणखी एक गोष्ट तिनं जाता जाता सांगितली. "महिला ग्रामसभेत मी भांडली होती, ते नाही ना लिहाचं?" तिच्या वॉर्डात नळाची लाइन आली नव्हती, तिनं उभं राहून विषय मांडला आणि तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला. मी म्हटलं, भांडली हा शब्द काढ, बाकी सगळं लिही. ग्रामसभेत उभ्या राहणाऱ्या बाईचं बोलणं भांडणच वाटतं लोकांना. 'महिला ग्रामसभेत वॉर्डातील पाणीपुरवठ्याचा विषय मांडला, इतिवृत्तात नोंद.' एवढंच, तक्रारीचा सूर नको, सरपंचाचं नाव नको.

सगळ्यांनीच भाषणं अशी वर आणावीत असं मात्र मी म्हणत नाही. त्याच महिन्यात एक मुलगा आला होता, कबड्डी स्पर्धा आणि शंकरपटाचं (बैलजोड्यांच्या शर्यतीचं) समालोचन करणारा, आवाज असा की माइक नसला तरी चालेल. अर्ज पतसंस्थेत लेखनिकाच्या जागेचा. त्याला मी शेवटी 'इतर उपक्रम' खाली एकच ओळ लिहायला सांगितली आणि वर टॅली व हिशेबाचं काम ठेवलं. पुढे तो बियाण्यांच्या विक्रीच्या कामासाठी अर्ज करणार होता. तिथं तीच ओळ पहिल्या पानावर येईल. आठवीतल्या वक्तृत्व स्पर्धेचं तिसरं बक्षीस पदवीनंतर सोडून द्यावं. पक्षाच्या प्रचारसभेत बोलला असाल तर, काम त्याच क्षेत्रातलं नसेल तर, मी ते टाळायलाच सांगते. आणि एनएसएस ही तीन अक्षरं नुसती लिहू नका. वर्षाला 120 तासांची सेवा असते ती, त्यात तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा.

प्रमाणपत्र नाही, ही भीती तिलाही होती. शिबिराचं प्रमाणपत्र होतं, शेतीशाळेचं नव्हतं. ती कृषी सहायकांकडे गेली आणि संदर्भ म्हणून नाव देऊ का असं विचारलं. ते लगेच हो म्हणाले. न विचारता कुणाचा नंबर लिहू नये, एवढी काळजी घेतली की बहुतेक माणसं आनंदानं होकार देतात.

मग आम्ही दोन दुपारी सराव केला. कागदावर 'वक्ता' लिहिलं की मुलाखतीत दोन मिनिटं बोलून दाखवा असं म्हणणारच, हे मी धरूनच चालते. पहिल्या दिवशी ती पुस्तकी मराठीत बोलायला लागली आणि डोळ्यांतलं तेज गेलं. दुसऱ्या दिवशी बाटली हातात दिली.

जूनमध्ये, पेरण्या सुरू असताना तिचा फोन आला. मागे टिनावर पाऊस वाजत होता.

"मॅडम, त्यायनं कागद पाहिला न पहिलाच प्रश्न तोच केला. म्हणे, फरदड नोको म्हणता तं शेतकऱ्यानं खावं काय?"

"मग?"

"मंग काय. बाबाच्या वावराचा हिशेब सांगितला. त्यातले एक साहेब लिहूनच घेऊन राहिले होते."

निवड यादीत ती दुसरी होती. पहिल्या उमेदवारानं जागा घेतली नाही, तेव्हा जुलैत तिला बोलावणं आलं. आता तिच्याकडे सात गावं आहेत आणि त्यात त्या म्हाताऱ्या आबाजींचं गावही आहे.